गहाणाच्या पावत्या आणि एक नकार : मांगाकार शिगेरू मिझुकी यांचं प्रकरण

१९६४ साल. टोकियोच्या पश्चिमेला चोफू इथल्या एका लहानशा घरी ‘शोनेन मॅगझिन’ या मुलांच्या साप्ताहिकाच्या संपादन विभागातून काम देऊ केलं गेलं. घरात बेचाळीस वर्षांचा चित्रकार, त्याची बायको आणि नुकती चालू लागलेली मुलगी. चित्रकाराला डावा हात नाही. घरातल्या चीजवस्तू बऱ्याचशा गहाण पडलेल्या. साप्ताहिकाला अंतराळातली चित्रकथा हवी होती. देशभर विकल्या जाणाऱ्या साप्ताहिकाचं काम म्हणजे दर आठवड्याला ठरलेले पैसे, आणि तेही वेळेवर. चित्रकाराने नाही म्हटलं. कारण एवढंच दिलं, की अंतराळ आपल्याला जमत नाही.

हा चित्रकार म्हणजे शिगेरू मिझुकी, मांगाकार, म्हणजे जपानी चित्रकथा काढणारे. आज जपानमध्ये त्यांचा ‘कितारो’ हा भुतांच्या वंशातला पोरगा ठाऊक नसलेलं घर सापडणं कठीण. २०१० साली जपान सरकारने त्यांचा देशाच्या सांस्कृतिक मानकऱ्यांत समावेश केला. पण १९६४ साली यातलं काहीच नव्हतं. पुढे वर्षभराने त्याच साप्ताहिकाकडून पुन्हा विचारणा झाली आणि तेव्हा होकार मिळाला. नकार आणि होकार यांच्यामधलं ते एक वर्ष, आणि तो नकार देणाऱ्या माणसाच्या हातात नेमकं काय होतं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मिझुकींची गोष्ट बहुतेक वेळा ‘जिद्दीने मिळवलेलं यश’ म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही, आणि स्वतः मिझुकींनाही पटलं नसतं. उतारवयात त्यांनी सुखाचे सात नियम लिहिले. त्यातला एक असा, की कष्ट माणसाला दगा देतात हे समजून असावं. पंधरा वर्षं रात्रंदिवस चित्रं काढून हातात गहाणाच्या पावत्या उरलेल्या माणसाने हे लिहिलं आहे. म्हणून या प्रकरणात जिद्द हा शब्द बाजूला ठेवून दुसरंच काही पाहायचं आहे. ज्या धंद्यात ते शिरत तो बुडत होता, आणि प्रत्येक वेळी एकच गाठोडं उचलून ते पुढच्या धंद्यात जात होते. ते गाठोडं कुठून आलं, इथून सुरुवात करावी लागेल.

नोन्नोनबा आणि रबाउल

खरं नाव मुरा शिगेरू. जन्म ८ मार्च १९२२, ओसाकात. वाढले मात्र जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या साकाईमिनातो या मासेमारीच्या गावात. लहानपणी स्वतःचं नाव नीट म्हणता येईना, ‘शिगेरू’चं ‘गेगेरू’ व्हायचं, म्हणून पोरं ‘गेगे’ म्हणायची. हे टोपणनाव लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

गावात एक म्हातारी होती. नवरा देवाधर्माची कामं करणारा, घरी दारिद्र्य. तिला सगळे नोन्नोनबा म्हणत. मुरा कुटुंबाकडे तिचं येणं-जाणं होतं. घराच्या छतावर डाग दिसला तर तो रात्री चाटून जाणारा कोण, रस्त्यात मागून पावलं वाजली तर ती कोणाची, हे सगळं ती पोरांना सांगायची. शोफुकुजी या देवळात नेऊन तिने शिगेरूला स्वर्ग-नरकाचं चित्र दाखवलं. पुढे जन्मभर ते चित्र त्यांच्या बोलण्यात येत राहिलं.

नोन्नोनबाच्या गोष्टींतल्या या मंडळींना जपानी भाषेत ‘योकाई’ म्हणतात. आपण चटकन ‘भुतं’ म्हणून मोकळे होतो, पण ते तितकंसं बरोबर नाही. भूत हे मेलेल्या माणसाचं असतं. योकाई हे जागेचं, वेळेचं, कधी जुन्या भांड्याकुंड्यांचंही असतं. रात्री ओळखीच्या वाटेवरून चालताना अचानक पुढे जाताच येऊ नये, समोर न दिसणारी भिंत उभी असावी, अशा योकाईला ‘नुरिकाबे’ म्हणतात. आपल्याकडे ज्याला चकवा लागला असं म्हणतात, त्याच्या जवळपासचं हे.

१९४३ साली सैन्यात भरती झाल्यावर शिगेरूला बिगूलवाला केलं. बिगूल काही वाजेना. बदली मागितली तेव्हा विचारलं गेलं, उत्तर की दक्षिण? थंडी सोसत नाही म्हणून त्याने दक्षिण सांगितलं, आणि रवानगी झाली आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटावरच्या रबाउलला. तिथून परत येणारे फार थोडे.

बेटावरच्या बायेन नावाच्या ठिकाणी दहा जणांची आघाडीची तुकडी पाठवली होती, त्यात तो होता. एके दिवशी पहाटेच्या पहाऱ्यावर दुर्बिणीतून पोपट बघत बसला. पोपट इतके सुंदर होते, की बाकीच्यांना उठवायला जायची वेळ टळली. तेवढ्यात हल्ला झाला. उरलेले सगळे मारले गेले. शिगेरूने समुद्रात उडी घेतली, जंगलातून उपाशीतापाशी चालत तळावर पोचला. त्याने पुढे लिहिलं आहे, की याच पळण्यात एका काळोख्या रात्री तो नुरिकाबेला धडकला. तळावर पोचल्यावर शाबासकी मिळाली नाही. बाकीचे मेले आणि तू का परत आलास, असं त्याला सुनावलं गेलं.

त्यानंतर मलेरिया. तापाने पडलेला असताना विमानांनी बॉम्ब टाकले आणि डावा हात गेला. लष्करी डॉक्टरने भूल न देता तो कापला.

हे सगळं लिहून झाल्यावर कोणीही इथे थांबेल. पण मिझुकींच्या आठवणीत यानंतरचा भागच जास्त उजेडाचा आहे. जखमी सैनिकांच्या छावणीजवळ तोलाई या स्थानिक लोकांची वस्ती होती. हा एकहाती सैनिक चोरून तिथे जाऊ लागला. त्यांनी त्याला खायला घातलं, पाउलो असं नाव दिलं, लागवडीला जमिनीचा तुकडाही देऊ केला. घाई नाही, ओरडणं नाही, मारहाण नाही, पोटभर जेवण आणि पोटभर झोप. लढाई संपल्यावर त्याला तिथेच राहायचं होतं. आधी आईबापांना तरी भेटून ये, असं डॉक्टरने समजावलं. परत येईन, असा शब्द देऊन १९४६ मध्ये तो जपानला आला.

म्हणजे चोविसाव्या वर्षी गाठोडं भरलेलं होतं. त्यात म्हातारीच्या गोष्टी होत्या, नरकाचं चित्र होतं, काळोखातली भिंत होती, जिवंत राहिल्याबद्दल खाल्लेल्या शिव्या होत्या आणि जंगलातलं ते गाव होतं. अंतराळ त्यात नव्हतं.

दोन बुडते धंदे

परत आल्यावर त्यांनी मासे विकले, सायकल-टॅक्सी चालवली, टोकियोच्या कलाशाळेत नाव घातलं आणि सोडलं. मग कर्ज काढून कोबेमध्ये भाडेकरूंची एक इमारत घेतली. इमारतीचं नाव ‘मिझुकी-सो’. त्या निमित्ताने भेटलेल्या एका कामिशिबाईवाल्याने त्यांना ‘मिझुकी’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायमचं चिकटलं.

कामिशिबाई म्हणजे कागदाचं नाटक. सायकलच्या कॅरिअरवर लाकडी चौकट, तिच्यात एकामागून एक सरकवायची चित्रं, आणि गोष्ट सांगणारा माणूस. पोरं गोळा होत, गोळ्या-मिठाई विकत घेत, मग खेळ सुरू. ज्यांनी पिंगुळीच्या ठाकर मंडळींची चित्रकथी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. फरक इतकाच की कामिशिबाई शहरातल्या गल्लीत, रोज, हप्त्याहप्त्याने चाले. प्रत्येक चित्र हाताने रंगवलेलं, एकमेव. ते भाड्याने गावोगाव फिरे आणि झिजून संपे. त्यामुळे मिझुकींनी त्या काळात रंगवलेल्या शेकडो चित्रांपैकी आज जवळजवळ काहीच उरलेलं नाही.

याच धंद्यात कितारो त्यांच्या हाती आला. १९३० च्या दशकात मासामी इतो यांनी रचलेली स्मशानात जन्मलेल्या मुलाची एक कामिशिबाई गाजली होती. तिचं मूळ त्याहून जुनं: मेलेली आई रात्री दुकानात येऊन आपल्या बाळासाठी गोळी विकत घेते, ही लोककथा. १९५४ मध्ये कामिशिबाईवाल्या कात्सुमारू सुझुकींनी ती मिझुकींना सुचवली आणि इतोंच्या परवानगीने त्यांनी ती आपल्या पद्धतीने रंगवली. पण १९५३ मध्येच जपानमध्ये टीव्हीचं प्रसारण सुरू झालं होतं. बघता बघता गल्लीतली पोरं दुकानांतल्या टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. धंदा आटला, इमारतही गेली.

१९५७ मध्ये मिझुकी टोकियोला आले आणि भाड्याच्या पुस्तकांच्या धंद्यात शिरले. या पुस्तकांना ‘काशिहोन’ म्हणत. गल्लोगल्ली छोटी दुकानं, काही येनांत एका दिवसासाठी पुस्तक, आणि त्या दुकानांसाठीच पुस्तकं छापणारे लहानसहान प्रकाशक. वाचक कारखान्यांतले तरुण, नोकर पोरं, विद्यार्थी. मुलांच्या मासिकांत न चालणारं हिंसक, उदास, विचित्र असं सगळं इथे चाले, आणि म्हणूनच जपानी चित्रकथेतलं पुष्कळसं नवं इथेच घडलं.

१९५८ मध्ये मिझुकींचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा ते पस्तिशीचे होते. नाव ‘रॉकेट मॅन’. अमेरिकन सुपरहिरोंच्या वळणावर काढलेलं. १९६४ च्या नकाराचा विचार करताना हे पुस्तक विसरून चालणार नाही. आकाशातून उडणारा नायक त्यांनी एकदा काढून पाहिला होता. प्रकाशकांना जे चालतं असं वाटतं ते करून झालं होतं.

१९६० मध्ये ‘योकिदेन’ या काशिहोन मालिकेत त्यांचा कितारो आला. रक्तपेढीतला एक नोकर, नाव मिझुकी. पेढीत जमा झालेलं एक रक्त भुताचं निघतं, त्याचा माग काढत तो पोचतो तर भुतांच्या वंशातलं शेवटचं जोडपं आजारी पडलेलं. दोघं मरतात. आईच्या थडग्यातून बाळ सरपटत बाहेर येतं. बापाच्या कुजणाऱ्या देहातून एक डोळा गळून पडतो, त्याला हातपाय फुटतात, आणि तो डोळा आपल्या पोराला सांभाळू लागतो. ही कल्पना मला आजही अंगावर येते. जग सोडून गेलेला बाप मुलाच्या काळजीपोटी एका डोळ्यापुरता मागे राहतो, यात भीती आणि माया अशी एकत्र आहे की वेगळी काढता येत नाही.

दुकानदारांना ती वेगळी काढायची नव्हतीच. त्यांना पुस्तक नको होतं. मालिका दोन अंकांत बंद पडली. मग एका वाचकाचं कळवळून लिहिलेलं पत्र आलं आणि प्रकाशकाने ‘स्मशानातला कितारो’ या नावाने पुन्हा सुरुवात केली. पण मानधन थकत गेलं. मिझुकींनी काम थांबवलं, तर प्रकाशकाने दुसऱ्या चित्रकाराकडून त्याच नावाने पुढचे भाग काढून घेतले. मिझुकी दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले. कात्सुइची नागाई हा भला माणूस; पण त्यालाच क्षय झाला, धंदा बसला, आणि मिझुकींनी दिलेलं पाचव्या भागाचं हस्तलिखित त्या गोंधळात हरवलं. ते परत मिळालं नाही. ‘अकुमा-कुन’ ही पाच भागांत योजलेली मालिका १९६४ मध्ये तिसऱ्या भागातच गुंडाळावी लागली, कारण ती खपली नाही.

१९६१ च्या जानेवारीत त्यांचं लग्न झालं होतं. मुलगी दाखवायचा कार्यक्रम झाला आणि पाच दिवसांत लग्न. वधू नुनोए शेजारच्या शिमाने भागातल्या यासुगी गावची, दहा वर्षांनी लहान. २००८ मध्ये नुनोएबाईंनी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात या वर्षांचं जे चित्र आहे, ते कोणत्याही विश्लेषणाहून जास्त सांगतं. स्वस्तात मिळतात म्हणून आणलेली काळी पडलेली केळी. चित्रांवर ठिपके देत, काळी शाई भरत नवऱ्याच्या शेजारी बसणं. दोघांनी मिळून युद्धनौकांची प्लॅस्टिकची मॉडेल जोडत बसणं. आणि करखात्याची माणसं. एवढ्या कमी उत्पन्नात घर चालतं कसं, काही लपवत तर नाही ना, असा संशय घेऊन ती आली. मिझुकींनी त्यांच्यासमोर गहाणाच्या पावत्यांचा गठ्ठा आणून ठेवला.

नकार

आता १९६४ च्या त्या घराकडे परत जाऊ.

अशा वेळी नकार देणारा माणूस स्वाभिमानी असतो, किंवा अव्यवहारी, असं आपण धरून चालतो. मला दोन्ही पटत नाही. हातात काय आहे हे त्यांना अचूक माहीत होतं. मिझुकींच्या चित्रात माणसं अगदी साधी, जवळजवळ व्यंगचित्रासारखी असतात. आणि त्यांच्यामागची झाडं, थडगी, जुन्या भिंती, पाऊस हे ठिपक्याठिपक्यांनी, रेषारेषांनी इतकं दाट भरलेलं असतं की ते पार्श्वभूमी न राहता पुढे येतं. दमट काळोख हा त्यांचा विषय. या हाताला चकचकीत यानं आणि तारे काढायला लावले असते तर काय झालं असतं, याचा अंदाज ‘रॉकेट मॅन’ पाहिल्यावर करता येतो. आणि साप्ताहिकाचा बाजार निर्दय होता. फसलेल्या चित्रकाराला तिथे दुसरी संधी क्वचित मिळे. न जमणाऱ्या विषयाने पदार्पण करून पडलेल्या बेचाळीस वर्षांच्या माणसाला तर नाहीच.

पण नकार योग्य होता म्हणून पुढचं सगळं नीट झालं, असंही म्हणता येणार नाही. दुसरी विचारणा झाली ती त्यांच्या नकारामुळे नव्हे. ती झाली, कारण साप्ताहिकच अडचणीत सापडलं.

१९६५ च्या वसंतात ‘शोनेन मॅगझिन’मध्ये ओसामू तेझुका यांची ‘डब्ल्यू थ्री’ ही मालिका सुरू झाली होती. तेझुका म्हणजे त्या काळी चित्रकथेचा सूर्य. त्याच अंकांत दुसऱ्या एका अंतराळकथेत खारीचं पात्र आलं. आपल्या योजनेतली कल्पना फुटली, असा तेझुकांचा संशय होता. त्यांनी सहा भागांनंतर मालिका काढून घेतली आणि प्रतिस्पर्धी ‘शोनेन संडे’मध्ये नव्याने सुरू केली. ‘शोनेन मॅगझिन’ला सूर्याशिवाय दिवस काढायचे होते. नव्याने प्रमुख संपादक झालेले मासारू उचिदा तेव्हा काशिहोनच्या जगात पडून राहिलेल्या चित्रकारांकडे वळले. हा धंदाही साप्ताहिकांच्या आणि टीव्हीच्या मारामुळे शेवटच्या घटका मोजत होता. तिथले चित्रकार मोकळे होत चालले होते. मिझुकींकडे पुन्हा विचारणा झाली, आणि या वेळी विषयाची अट नव्हती.

या दोन भेटींच्या मधे आणखी एक गोष्ट झाली. क्षयातून उठलेल्या नागाईंनी १९६४ मध्येच ‘गारो’ हे मासिक सुरू केलं. पैसे नाममात्र, पण चित्रकाराला हवं ते काढू द्यायचं. मिझुकी सुरुवातीपासून त्यात होते. हस्तलिखित हरवणाऱ्या त्याच माणसाने त्यांना त्या कोरड्या वर्षात हात चालता ठेवायला जागा दिली. मला या प्रकरणातलं हे नातं फार मोलाचं वाटतं. नागाई, एका वाचकाचं पत्र, शेजारी बसून शाई भरणाऱ्या नुनोएबाई, यातलं एकही नसतं तर १९६५ मध्ये दार ठोठावणाऱ्याला त्या घरात चित्रकार सापडला असता की नाही, शंका आहे.

उन्हाळ्यात ‘शोनेन मॅगझिन’च्या स्वतंत्र विशेष अंकात ‘तेरेबी-कुन’ ही कथा आली. टीव्हीच्या पडद्यात शिरून, जाहिरातीतल्या वस्तू बाजारात येण्याआधीच बाहेर घेऊन येणारा मुलगा आणि त्याचा गरीब वर्गमित्र. ज्या यंत्राने कामिशिबाई मारली, त्याच यंत्राच्या आत मिझुकींनी आपला योकाई शिरवला. या कथेला कोदानशा प्रकाशनाचा मुलांच्या चित्रकथेसाठीचा पुरस्कार मिळाला. वय वर्षं ४३.

काय सोडलं, काय नाही

साप्ताहिकात कितारो सुरू झाला तेव्हा पोरांनी त्याला लगेच उचलून धरलं नाही. उचिदांनी नेट धरला. हळूहळू वाचक वाढले. १९६६ च्या अखेरीस ‘शोनेन मॅगझिन’चा खप दहा लाखांवर गेला, त्यात बेसबॉलच्या कथेचा वाटा मोठा असला, तरी मिझुकी तोवर पहिल्या रांगेत आले होते.

टीव्हीवाल्यांना मात्र एक अडचण होती. ‘हाकाबा नो कितारो’, म्हणजे स्मशानातला कितारो, या नावाला जाहिरातदार मिळेनात. म्हणून टीव्हीवर आधी ‘अकुमा-कुन’ गेला, १९६६ मध्ये. कितारोसाठी नाव बदलावं लागणार होतं.

अंतराळ नाकारणारे मिझुकी या वेळी कबूल झाले. हे विसंगत आहे का? मी बराच विचार केला आणि मला तसं वाटत नाही. नवीन नाव आलं ‘गेगेगे नो कितारो’. म्हणजे साकाईमिनातोच्या पोरांनी दिलेलं टोपणनावच. ३ जानेवारी १९६८ ला ॲनिमेशन मालिका सुरू झाली, शीर्षकगीताचे शब्द मिझुकींचे. त्यांनी बाहेरची पाटी बदलू दिली आणि पाटीवर आपलंच नाव लिहिलं.

तरी काही गमावलं, हे खरं. काशिहोनमधला कितारो सिगारेट ओढणारा, माणसांच्या सुखदुःखाकडे थंड डोळ्याने बघणारा पोर होता. साप्ताहिकातला आणि टीव्हीवरचा कितारो वाईट योकाईंपासून माणसांना वाचवणारा नायक झाला. मला जुना जास्त आवडतो. पण मिझुकींनी त्यालाही टाकलं नाही. ‘गारो’त १९६७ पासून त्यांनी ‘कितारोच्या रात्रकथा’ पुन्हा काढायला घेतल्या. एका हाताने देशभरच्या पोरांसाठी नायक, त्याच हाताने थोड्या वाचकांसाठी तो जुना, जगाबाहेरचा पोरगा.

नवा धंदा आधीच्या दोन धंद्यांसारखा बुडाला नाही, उलट तोच मिझुकींना बुडवू लागला. १९६६ मध्ये त्यांनी मिझुकी प्रॉडक्शन काढलं. योशिहारू त्सुगे आणि र्योइची इकेगामी, पुढे स्वतः मोठी नावं झालेले, तिथे साहाय्यक होते. त्या दाट काळोखाचे ठिपके आता अनेक हात देत होते. मागण्या इतक्या, की झोप उडाली. झोप ही मिझुकींच्या लेखी चैन नव्हती, अन्नासारखी गरज होती. म्हातारपणी काढलेल्या एका छोट्या चित्रकथेत त्यांनी सांगितलं आहे, की तेझुका आणि दुसरे नावाजलेले चित्रकार शोतारो इशिनोमोरी रात्री जागवल्याच्या फुशारक्या मारत आणि आपण मात्र भरपूर झोपत असू. ते दोघेही साठीतच गेले. मिझुकी ९३ वर्षं जगले.

१९७१ मध्ये ते रबाउलला गेले. २५ वर्षांनंतर. जंगलातल्या त्या गावाने त्यांना ओळखलं. ज्या घरी ते जेवत त्या घरातला पोरगा तोपेतोरो आता मोठा बाप्या झाला होता. तिथेच येऊन राहावं असं पुन्हा मनात आलं. घरच्यांसाठी ते शक्य नव्हतं. पण जपानला परत आल्यावर त्यांनी काम कमी केलं, आणि १९७३ मध्ये आयुष्यभर डोक्यात असलेलं पुस्तक काढलं.

त्या पुस्तकाचं नाव आहे ‘सोइन ग्योकुसाई सेयो’. सर्वांनी सन्मानाने मरा, अशा अर्थाचा हुकूम. न्यू ब्रिटनवरची एक तुकडी आत्मघाती हल्ल्याला पाठवली जाते. काही वाचतात. वरिष्ठांनी त्यांना आधीच मेलेले म्हणून कळवलेलं असतं, तेव्हा जिवंत राहणं हाच गुन्हा ठरतो आणि त्यांना पुन्हा मरायला धाडलं जातं. मिझुकींनी म्हटलं आहे, की यातला नव्वद टक्के भाग खरा आहे. खोटा असलेला भाग मुख्यतः शेवट. प्रत्यक्षात काही जण वाचले होते. पुस्तकात शेवटच्या पानांवर सगळे मेलेले आहेत. मारुयामा नावाचा खादाड, मार खाणारा, मिझुकींचंच रूप असलेला शिपाईही मेलेला आहे. त्या पानांवर माणसं नेहमीसारखी साधी रेषा सोडून मागच्या जंगलाइतकीच बारीक, खऱ्यासारखी काढली आहेत. जे काढायचं हात इतकी वर्षं टाळत होता, ते शेवटी काढलं आहे.

२००७ मध्ये फ्रान्सच्या अंगुलेम इथल्या चित्रकथांच्या महोत्सवात ‘नोन्नोनबा’ या पुस्तकाला सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान मिळाला. जपानी चित्रकथेला तो पहिल्यांदाच मिळत होता. दोन वर्षांनी तिथेच युद्धाच्या पुस्तकालाही गौरवलं गेलं. साकाईमिनातोमध्ये १९९३ मध्ये त्यांच्या योकाईंचे २३ ब्राँझचे पुतळे रस्त्याच्या कडेला बसवले होते, ते वाढत वाढत २०१८ पर्यंत १७७ झाले होते. नुनोएबाईंच्या आठवणींवर २०१० मध्ये रोज सकाळी टीव्ही मालिका चालली. ९१ व्या वर्षी मिझुकींनी ‘बिग कॉमिक’मध्ये आपल्या रोजच्या जगण्यावर नवी मालिका सुरू केली; खाणं, झोपणं आणि जुन्या आठवणी. ३० नोव्हेंबर २०१५ ला ते गेले.

‘शोनेन मॅगझिन’मध्ये १ ऑगस्ट १९६५ च्या अंकात आलेल्या कितारोच्या पहिल्या कथेचं नाव आहे ‘हात’. परदेशातून आलेला रक्तपिपासू कितारोचा घात करतो आणि त्याचा फक्त एक तुटका हात मागे उरतो. काळोखात तो हात एकटाच बोटांवर चालत निघतो, आणि मारेकऱ्याला शोधून काढतो.